नववीच्या हातात पुस्तक पडावं म्हणून

(नाशिकमधील माध्यमिक शाळांचे शिक्षक आणि ग्रंथपाल यांच्यासमोरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, शाळेच्या फलकावर दर जूनमध्ये ‘ग्रंथालयात नव्याने दाखल झालेली पुस्तके’ अशी यादी लागते. दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत. ही दाखलवहीची नक्कल झाली. तपासणीला येणाऱ्या माणसाला ती चालते. नववीतल्या मुलीला मात्र तीन गोष्टी कळायला हव्या असतात: पुस्तकात काय घडतं, ते केवढं आहे, आणि आज मागितलं तर मिळेल का. आठवी ते दहावीसाठी महिन्याला एका पानाचं वार्तापत्र काढायचं असेल तर याच तीन गोष्टींवर काढा.

कागद ए-फोर, छपाई एका बाजूला, पुस्तकं चारच. चारपेक्षा जास्त दिली की मुलं यादी वाचतात आणि पुस्तक मागत नाहीत. पण सगळ्यात मोठी चूक इथे होत नाही, ती प्रतींच्या हिशेबात होते. दहा दिवसांच्या मुदतीने एक प्रत फिरली, तर जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती फार तर बारा मुलांच्या हातात जाते. वर्गात साठ मुलं, वर तीन तुकड्या. म्हणजे आपणच भूक लावायची आणि ताट एकच मांडायचं. दोनदा ‘बाहेर गेलंय’ असं ऐकलेलं मूल तिसऱ्यांदा खिडकीशी येत नाही. म्हणून खरेदी करताना पाच वेगळी पुस्तकं घेण्याऐवजी एकाच चांगल्या पुस्तकाच्या पाच प्रती घ्या, आणि वार्तापत्रातल्या चारांपैकी एक तरी पुस्तक असं भरपूर प्रतींचं ठेवा. बाकीच्यांसाठी प्रतीक्षा यादी. तीही नुसती वहीत नको. ‘तुझा नंबर तिसरा, साधारण महिनाभर’ एवढं मुलाला चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठी हातात असली की मूल थांबतं.

आता शिफारशीचा मजकूर. एका पुस्तकाला चाळीस ते पन्नास शब्द. ‘अत्यंत वाचनीय व संस्कारक्षम कादंबरी’ असं लिहिलंत की पंधरा वर्षांचं पोर तिथेच पान उलटतं, कारण त्याला या शब्दांतून गृहपाठाचा वास येतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’साठी असं लिहिता येईल:

‘मेंढपाळांच्या वाडीवर एका तरुण मास्तरची नेमणूक होते. शाळा आहे, पण मुलं रानात मेंढरांमागे. वाडीचा कारभारी या पोरसवद्या मास्तरला जोखतोय. पुस्तक लहान आहे. बोली माणदेशी आहे, अडलात तर ओळ मोठ्याने वाचा. सुरुवात सावकाश जाते, धीर धरा.’

यात पहिला प्रसंग आहे, पुस्तकाचा आकार आहे आणि अडचण कुठे येणार हेही आहे. अडचण लपवू नका. आधी सांगितलेली अडचण मूल पार करतं. न सांगितलेली आली की ‘आपल्यालाच कळत नाही’ असं समजून ते पुस्तक मिटतं. शेवट मात्र कधीही सांगायचा नाही.

कुणाला काय द्यायचं हे इयत्तेवरून ठरवू नका. एकाच नववीत जाड कादंबरी आठवड्यात संपवणारी मुलगी असते आणि वर्तमानपत्रातली बातमीही दमत वाचणारा मुलगा असतो. सोपी चाचणी अशी: पुस्तकाच्या मध्यावरचं एक पान वाचायला द्या. पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर आज ते पुस्तक नको. मात्र ग्रामीण बोलीतल्या पुस्तकाला ही चाचणी जशीच्या तशी लावू नका. तिथे डोळ्याला अडलेला शब्द कानाला ओळखीचा असतो. सातपूर-अंबडकडच्या शाळांत घरी अहिराणी बोलणारी मुलं आहेत. पुस्तकी मराठीत अडखळणारं पोर बोलीतला संवाद मोठ्याने वाचताना एकदम मोकळं होतं.

जो मुलगा ‘गोष्टी आवडत नाहीत’ म्हणतो त्याला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ द्या. गुलामीत जन्मलेला मुलगा वनस्पतिशास्त्रज्ञ होतो, माती सुधारतो, भुईमुगाचे नाना उपयोग शोधतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला त्यातली मातीची भाषा लगेच कळते. आकाशाचं वेड असलेल्यांना जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’, पण ते सलग वाचायला सांगू नका, हवं ते प्रकरण उघडू द्या. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’चा नायक नववीतच आहे, काळ आणीबाणीचा. ते आठवीत देण्यापेक्षा नववीत द्यावं. ज्यांची वाचायची सवयच सुटली आहे त्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या, वय विचारू नका. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. प्रती कमी असतील तेव्हा तेच कामाला येतात.

नाशिकच्या शाळेत नाशिकचा एक खण असायलाच हवा, आणि या खणाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली इथल्याच तुरुंगात लिहिलं, हे किती मुलांना ठाऊक असतं? ते पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेलं असल्यामुळे एका तासिकेला एक रात्र सहज वाचून होते. पण ते सातवीपर्यंत वाचून झालेलं बरं. नववीत दिलं तर ‘लहान मुलांचं’ म्हणून बाजूला पडतं. नववी-दहावीला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्या. त्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. जाड पुस्तक पाहून मुलं घाबरतात, म्हणून आधी वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याचे सुरुवातीचे प्रसंग वर्गात वाचून दाखवा. वर्ग हसतो आणि मग पुस्तकाला हात लागतो. कुसुमाग्रजांची कविता पाठ्यपुस्तकातून भेटलेली असते, तरी ‘विशाखा’ खणात हवंच. नाशिकच्याच बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह दहावीच्या पुढच्यांसाठी ठेवा. त्यातला संताप थेट आहे, त्यामुळे शिक्षकाने आधी स्वतः वाचून मुलांशी बोलायची तयारी ठेवावी. मात्र तो कपाटात दडवू नका.

वेळापत्रक नीट पाहा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या दोन दिवशी प्रदर्शनं लागतात. पण फेब्रुवारीत दहावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेत बुडालेली असतात, तेव्हा त्यांच्यासाठी त्या प्रदर्शनाचा उपयोग शून्य. मोठा अंक दिवाळीच्या सुट्टीआधी काढा आणि त्या सुट्टीत प्रत्येकाला दोन पुस्तकं घरी न्यायला द्या.

पुस्तक हरवेल, फाटेल या भीतीने कुलूप लागतं. फाटण्यावर उपाय सोपा आहे. सेलोटेप लावू नका. तिचा डिंक पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि पुढे ती काढताना अक्षरंही घेऊन येते. पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरा, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, नाहीतर ओल मागच्या रांगेत शिरते आणि पाठोपाठ कसर येते. हरवलेल्या पुस्तकांची नोंद वर्षाखेरीस वेगळी काढून निर्लेखनाचा, म्हणजे ती दाखलवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव मुख्याध्यापकांपुढे ठेवा. वर्षभर फिरलेल्या पुस्तकांत काही जाणारच, हे त्यांना आधीच, जूनमध्ये सांगून ठेवा.

पुस्तक परत येताना ‘आवडलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘कुठे थांबलास?’ असं विचारा आणि पान क्रमांक देवघेवीच्या कार्डावर पेन्सिलीने लिहा. तिघांनी ‘बनगरवाडी’ पहिल्या पंचवीस पानांत सोडली असेल, तर पुढच्या वाचन तासिकेला तीच पंचवीस पानं वर्गात मोठ्याने वाचायची आणि घंटा झाली की पाचही प्रती टेबलावर मांडून ठेवायच्या.