१९१२ : चार उमेदवार आणि एक वचन

मित्रहो, १९१२ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत वुड्रो विल्सन जिंकले, पण त्यांना मतं पडली जेमतेम ४२ टक्के. चार वर्षांपूर्वी त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे ब्रायन याहून जास्त मतं घेऊन हरले होते! विल्सन निवडून आले ते रिपब्लिकन पक्ष फुटला म्हणून.

ही फूट दोन मित्रांमधली होती. विल्यम टाफ्ट यांना १९०८ मध्ये गादीवर बसवलं ते तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीच. पुढे टाफ्ट सरकारनं यू. एस. स्टील कंपनीवर खटला भरला आणि त्यात १९०७ चा एक व्यवहार उकरून काढला. त्या व्यवहाराला खुद्द रूझवेल्ट यांची संमती होती. संबंध आधीच बिघडले होते, आता तुटले. १९१२ च्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांत रूझवेल्ट यांनी बहुतेक राज्यं जिंकली, टाफ्ट यांचं स्वतःचं राज्य ओहायोसुद्धा. पण पक्षयंत्रणा टाफ्ट यांच्या हातात होती. जूनमध्ये शिकागोच्या अधिवेशनात २५४ प्रतिनिधींच्या जागांवर वाद झाला आणि त्यातल्या २३५ टाफ्ट यांच्या पदरात पडल्या. रूझवेल्ट बाहेर पडले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी प्रोग्रेसिव्ह पक्ष उभा केला.

त्या पक्षाचा जाहीरनामा आजही मुद्दाम वाचावा असा आहे. स्त्रियांना मताधिकार, आठ तासांचा कामाचा दिवस, आजारपण आणि म्हातारपणासाठी सामाजिक विमा. रूझवेल्ट यांच्या नावाला अनुमोदन दिलं समाजसेविका जेन अ‍ॅडम्स यांनी, तेही देशातल्या बहुतेक बायकांना मताधिकार नसताना. प्रचारातला वादही खरोखरच मोलाचा होता. अवाढव्य कंपन्यांचं करायचं काय? रूझवेल्ट म्हणत, त्या राहणारच, सरकारनं त्यांच्यावर कडक नियंत्रण ठेवावं. विल्सन यांना ब्रँडाइस यांच्यासारखा वकील सल्ला देत होता. विल्सन यांचं म्हणणं, मक्तेदारीच मोडा, स्पर्धा आपोआप जागेवर येईल. समाजवादी युजीन डेब्स यांना हे उद्योगच समाजाच्या मालकीचे करायचे होते. त्यांना नऊ लाख मतं मिळाली, सहा टक्के. इतक्या मुळाशी जाणारा प्रचार अमेरिकेत क्वचितच झाला असेल. १४ ऑक्टोबरला मिल्वॉकीत रूझवेल्ट यांच्या छातीत गोळी शिरली, तरी त्यांनी तासाहून अधिक वेळ भाषण केलं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून तिथे थांबत नाही.

मला थांबायचं आहे ते दुसरीकडे. जनतेच्या राज्याची घोषणा देणाऱ्या रूझवेल्ट यांच्या अधिवेशनानं दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना प्रवेश नाकारला. समान हक्कांचं एक कलम कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी लिहून पाठवलं होतं, तेही फेटाळलं. गोऱ्या दक्षिणेची मतं हवी होती, इतकं साधं कारण. मग ड्यू बॉइस विल्सन यांच्याकडे वळले. कृष्णवर्णीयांना पूर्ण न्यायानं वागवू, असं विल्सन यांनी कृष्णवर्णीय बिशप अलेक्झांडर वॉल्टर्स यांना लेखी कळवलं होतं. काही कृष्णवर्णीय नेत्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची रिपब्लिकन निष्ठा सोडून त्या शब्दावर विश्वास ठेवला.

१९१३ मध्ये विल्सन सत्तेवर आले आणि टपाल व अर्थखात्यात गोऱ्या-काळ्या कर्मचाऱ्यांची फारकत सुरू झाली. जेवणाची टेबलं वेगळी, शौचालयं वेगळी, मध्ये पडदे. त्याच वर्षी जुलैमध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. त्या विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरी बटलर यांचाही या निवडणुकीशी संबंध होता. टाफ्ट यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार शेर्मन मतदानाच्या सहा दिवस आधी वारले, म्हणून टाफ्ट यांच्या वाट्याच्या व्हरमाँट आणि युटा राज्यांतल्या आठ इलेक्टर्सनी, म्हणजे राज्यांच्या वतीनं अंतिम मत देणाऱ्या प्रतिनिधींनी, उपाध्यक्षपदासाठी आपली मतं बटलर यांना दिली.

नोव्हेंबर १९१४ मध्ये कृष्णवर्णीय संपादक विल्यम मनरो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. १९१२ मध्ये त्यांनी विल्सन यांचा प्रचार केला होता. दिलेल्या शब्दाचं काय झालं, असं त्यांनी तोंडावर विचारलं. ही फारकत अपमान नसून तुमच्याच हिताची आहे, असं उत्तर मिळालं. ट्रॉटर ऐकेनात, तेव्हा विल्सन म्हणाले की तुमच्या बोलण्याचा सूर मला अपमानास्पद वाटतो, पुन्हा यायचं असेल तर दुसरा प्रवक्ता आणा.