वर्गणीतून उभं राहिलेलं फिलाडेल्फिया

ही रांग एका तडकलेल्या घंटेसाठी आहे. फिलाडेल्फियात आलेला पाहुणा सहसा आधी इथेच येतो. ही लिबर्टी बेल 1752 मध्ये लंडनहून आली आणि वाजवून पाहतानाच फुटली. मग पास आणि स्टो या इथल्याच दोन कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. समोर लाल विटांचा इंडिपेंडन्स हॉल. 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथलाच, 1787 ची राज्यघटनाही इथलीच. घंटेला 'लिबर्टी' म्हणायला लागले ते मात्र बऱ्याच उशिरा, 1830 च्या दशकात, गुलामगिरीविरुद्ध लढणारे लोक. त्यांना तशी गरजही होती. घंटेच्या दालनाला लागूनच राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचं घर होतं आणि त्या घरात गुलाम राबत होते. त्यांच्यातली ओना जज 1796 मध्ये निसटली, ती पुन्हा कधीच वॉशिंग्टन यांच्या हाती लागली नाही.

इथून बहुतेक लोक सिटी हॉलकडे वळतात. आपण पाइन स्ट्रीटला जाऊ.

हे पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल, स्थापना 1751. कल्पना डॉक्टर थॉमस बाँड यांची, पैशांची जुळवाजुळव बेंजामिन फ्रँकलिन यांची. वर्गणी गोळा करण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. 1731 मध्ये त्यांनी वर्गणीवरच ग्रंथालय काढलं होतं. हॉस्पिटलच्या वेळी विधिमंडळ काचकूच करू लागलं, तेव्हा त्यांनी अट सुचवली: लोकांनी 2000 पौंड जमवले, तर तेवढेच सरकारनं घालायचे. एवढे पैसे जमणारच नाहीत, फुकटात दानशूर म्हणवून घेता येईल, अशा हिशेबानं विरोधकांनीही होकार दिला. पैसे जमले! या चलाखीचं आपल्याला फारसं वाईट वाटलं नाही, हे फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

वरच्या मजल्यावर 1804 चं शस्त्रक्रियागृह आहे. गोल खोली, छतातून येणारा उजेड. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे शस्त्रक्रिया भर दुपारी, तीही ऊन असेल त्या दिवशी. भोवतीच्या कठड्यांवर विद्यार्थी दाटीवाटीनं उभे. सगळे पुरुष. आणि सुरुवातीची चार दशकं रोग्याला भूल नाही.

बायकांना डॉक्टर व्हायचं तर त्यांचं स्वतःचं कॉलेज हवं, म्हणून याच शहरात 1850 मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघालं. त्याच्या विद्यार्थिनी नोव्हेंबर 1869 मध्ये या हॉस्पिटलमध्ये शिकायला आल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. विद्यार्थिनींनी येणं सोडलं नाही.

त्यानंतर चौदा वर्षांनी, 1883 मध्ये, त्याच महिला महाविद्यालयात एक अठरा वर्षांची मराठी मुलगी दाखल झाली. आनंदीबाई जोशी. मार्च 1886 मध्ये त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्याच वर्षी रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक याच शहरातून निघालं. त्याची प्रस्तावना कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची. तोवर आनंदीबाई राहिल्या नव्हत्या. फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

हा फोटो ऑक्टोबर 1885 चा. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघीही याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या.

कॉलेज 1930 मध्ये नव्या जागेत गेलं. पुरुषांना प्रवेश मिळाला तो थेट 1970 च्या सुमारास, म्हणजे तब्बल 120 वर्षांनी. नाव बदललं, विलीनीकरणं झाली, आणि आता त्याचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. घंटेसारखी इथे रांग नसते. पण आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरचा आनंदीबाईंचा प्रबंध पाहायचा असेल, तर पत्ता ड्रेक्सेलच्या अभिलेखागाराचा.