दोनशे रुपयांची जाहिरात
(जळगावात डिजिटल मार्केटिंग शिकायला आलेल्या नव्या बॅचपुढील व्याख्यान, संपादित स्वरूपात)

पहिल्या आठवड्यातल्या तुमच्या वह्या मी चाळल्या. एसईओ, सीटीआर, सीपीसी, आरओआय, या धंद्यातली सगळी आद्याक्षरं सुवाच्य लिहिलेली आहेत. वह्या तूर्त मिटा. आज आपण एका भरिताच्या दुकानाची जाहिरात करायची आहे. दुकान कुणाचं ते विचारू नका, ते मी मनानं उभं केलंय. आकडेही सोयीसाठी घेतलेले आहेत. हिशोबाची रीत मात्र खरी आहे.

भरीतच का घेतलं? तर त्यातलं तुम्हाला मी काही सांगावं लागत नाही. बामणोदकडची वांगी, कपाशीच्या काड्यांवरची भाजणी, सोबत कळण्याच्या पुऱ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे जाहिरातीत लिहायलाही चांगलं. माल माहीत असला की जाहिरातवाल्याचं अर्धं काम झालेलं असतं. पुण्या-मुंबईच्या एजन्सीतल्या हुशार पोराला हे अर्धं आधी शिकावं लागेल.

आता कॉम्प्युटर उघडायचा नाही. दुकानात एक संध्याकाळ बसायचं आणि फोनवर लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. “भाऊ, किलोवर भेटेल का?” “तिखट कमी करून भेटेल का?” “शनिवारी शेतात पार्टी आहे, चाळीस माणसांचं होईल का?” “पुण्याला पोरगा आहे, पार्सल जाईल का?” एका भरिताची ही चार वेगळी गिऱ्हाइकं आहेत. चौघांना एकच जाहिरात दाखवली, तर ती एकालाही आपली वाटत नाही.

पुण्याच्या पार्सलवाल्याचा निकाल आधी लावू. ताजं भरीत एवढा प्रवास सोसत नाही, दुकानदार ‘नाही’ म्हणणार. म्हणून गूगल ॲड्समध्ये, म्हणजे गूगलवर जाहिरात लावतो तिथे, ठिकाण निवडताना एक गोष्ट बघायची. नुसतं ‘जळगाव’ टाकून पुढे गेलात, तर तिथली आधीपासून असलेली निवड जळगावात असलेल्यांबरोबर जळगावात रस दाखवणाऱ्यांनाही धरते. म्हणजे हिंजवडीत बसून गावच्या आठवणीनं शोधणारा आपला खान्देशी भाऊ जाहिरातीवर बोट ठेवणार, आणि त्या बोटाचे पैसे आपल्या दुकानदाराच्या खिशातून जाणार. ही निवड बदलून फक्त त्या भागात असणारे लोक ठेवायचे.

दुसरी गळती शब्दांची. ‘भरीत’ शोधणाऱ्या प्रत्येकाला ते विकत घ्यायचं नसतं. कुणाला रेसिपी हवी असते, कुणाला वांग्याचं बियाणं, कुणाला बाजारभाव. गूगल ॲड्समध्ये सर्च टर्म्सचा रिपोर्ट असतो. आपली जाहिरात दिसली तेव्हा लोकांनी खरोखर काय टाइप केलं होतं, ते त्यात कळतं. अगदी तुरळक शोध त्यात येत नाहीत, पण आपल्या कामापुरतं बरंच सापडतं. सुरुवातीला तो रोज वाचायचा आणि बिनकामाचे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांच्या यादीत, टाकत जायचे: रेसिपी, कसे करायचे, बियाणे, भाव. हेच शब्द रोमन अक्षरांतही टाकायचे, कारण आपले लोक मोबाइलवर मराठी तसंच लिहितात. शिकाऊ पोरं जाहिरातीचं चित्र सजवण्यात रात्र घालवतात आणि हा रिपोर्ट उघडतसुद्धा नाहीत. माझ्या मते या धंद्यात कारागिरी कुठे असेल, तर ती या रिपोर्टात आहे.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. सर्चच्या, म्हणजे गूगलवर शोधताना दिसणाऱ्या जाहिरातीत एका हेडलाइनला 30 अक्षरांची मर्यादा आणि वर्णनाला 90 ची. हेडलाइन 15 पर्यंत देता येतात, वर्णनं 4. तीसमध्ये ‘खान्देशची अस्सल चव’ असलं काही लिहू नका, ते सगळेच लिहितात. ‘40 माणसांचं भरीत शेतावर पोच’ असं लिहा. अर्थात दुकानदार खरंच पोचवत असेल तरच.

आता पैसे. दुकानदार म्हणाला, रोज दोनशे घाल. एखाद्या दिवशी चारशे गेलेले दिसले, तर घाबरू नका. गूगल एका दिवसात ठरलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण नेहमीच्या महिनाभर चालणाऱ्या जाहिरातीत महिन्याची मर्यादा रोजच्या रकमेच्या 30.4 पट. म्हणजे 6080 रुपये. हे दुकानदाराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर चारशे बघून तो तुम्हालाच धरेल.

समजा एका क्लिकला 8 रुपये पडले. दोनशेत 25 क्लिक. त्यातून पाच फोन आले, दोघांनी एकेक किलो नेलं. किलोमागे दुकानदाराला 60 सुटतात, म्हणजे 120. खर्च 200, तोटा 80. रिपोर्टमध्ये मात्र 25 क्लिक, पाच फोन असं भरघोस दिसतं आणि शिकाऊ माणूस तो रिपोर्ट दुकानदाराला अभिमानानं दाखवतो!

तेच दोनशे फक्त शेतातल्या पार्ट्या आणि लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाच्या शोधांवर लावले, तर फोन कमी येतील. पण चार दिवसांत 15 किलोची एक ऑर्डर आली, तर 900 सुटले. चार दिवसांचा खर्च 800. शंभर रुपये उरले. फार नाहीत, पण तोटा थांबला. शिवाय पार्टीत जेवलेल्या चाळिसांपैकी कुणी पुढच्या आठवड्यात दुकानात आला, तर त्याचा खर्च शून्य.

मग किलोवर नेणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी जाहिरातीवर पैसा घालायचाच नाही. त्याला गूगल मॅप्सवर दुकान सापडलं पाहिजे. त्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवरचं दुकानाचं पान, फुकट आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये त्याला गूगल माय बिझनेस म्हणतात, नाव 2021 मध्ये बदललं. वेळ, फोन, खरे फोटो भरा. हंगाम संपल्यावर दुकान बंद राहणार असेल, तर तेही तिथे नोंदवा. बंद दारापर्यंत जाऊन परतलेला माणूस एक तारा देतो. चांगला रिव्ह्यू मागायला हरकत नाही, पण ‘रिव्ह्यू द्या, पावशेर फुकट घ्या’ हे गूगलच्या नियमात बसत नाही.

रील्सवर मी फार वेळ घालवणार नाही. वांगी भाजतानाचा व्हिडिओ चालेलच, आग आणि धूर कुणाला आवडत नाही? फक्त तो नागपुरात किती जणांनी बघितला, याचा गल्ल्याशी संबंध लावू नका.

गल्ल्यावरूनच आठवलं. फोन मोजायला सॉफ्टवेअर आहे, पण त्या फोनचं पुढे काय झालं ते दुकानदाराच्या वहीतच सापडतं. ऑर्डर घेताना ‘आमचं नाव कुठून कळलं?’ एवढं विचारायची सवय त्याला लावा. तो कंटाळा करेल. तुम्ही संध्याकाळी फोन करून विचारत राहा.

आणि खातं त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर उघडा. तुम्ही आपल्या ईमेलवरून ॲक्सेस घ्या, पासवर्ड मागू नका. उद्या तुम्हाला नाशिकला नोकरी लागली, तर त्याचे रिव्ह्यू आणि जुना हिशोब त्याच्याकडेच राहिला पाहिजे.

सर्टिफिकेटचं दरवेळी कुणीतरी विचारतं. गूगलच्या स्किलशॉप या शिकवणीच्या साइटवर फुकट परीक्षा आहेत, त्या द्या. पण मुलाखतीत मी असेन, तर सर्टिफिकेटआधी तुमची निगेटिव्ह कीवर्डची यादी मागेन आणि त्यातला एकेक शब्द का टाकला ते विचारेन.

सोमवारी येताना प्रत्येकानं एकेका दुकानातले गिऱ्हाइकांचे वीस प्रश्न लिहून आणा. सराफ बाजार, वेफर्सवाला, मोटार रिवाइंडिंगवाला, कुणीही चालेल. भरीत मात्र कुणी घ्यायचं नाही.