विमानाचा उजवा, माझा डावा

नमस्कार, श्रोतेहो. तुमच्या रेडिओपर्यंत माझा आवाज आणणाऱ्या लहरींच्या घराण्यातल्याच काही लहरी गेल्या फेब्रुवारीत माझ्या हातात होत्या, आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला थर्माकोलचं एक विमान होतं. त्याची ही हकिगत.

दिवाळीत भाचा आला आणि म्हणाला, "मामा, विकतचं नको, आपण बनवू." मला वाटलं, आठवड्याचं काम. माघ उजाडला.

पंख थर्माकोलचे. करवत लावली की त्याचा भुगा होतो. तापलेली निक्रोमची तार मात्र लोण्यातून फिरावी तशी फिरते. आमच्या ओळखीचा एक कारागीर गणपतीची मखरं करायचा. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तो पुठ्ठ्याकडे वळला आणि त्याचं तारेचं धनुष्य माळ्यावर गेलं. ते त्याने आम्हाला दिलं, वर एक सल्लाही : "तार थांबवू नका. थांबली की तिथे खड्डा." पंखाच्या दोन्ही टोकांना सनमायकाचे साचे टाचायचे, दोघांनी दोन टोकं धरायची आणि तार साच्यावरून सरकवत न्यायची. भाचा भराभर ओढणारा, मी रेंगाळणारा. पहिला पंख जिलबीसारखा पिळवटला. मग साच्यांवर एक ते दहा खुणा केल्या आणि दोघं मोठ्याने आकडे म्हणत कापू लागलो. शेजारच्या काकूंना वाटलं, घरात पाढे चालू आहेत.

दुसरा पंख गोंदाने खाल्ला. झटपट चिकटणारा गोंद थर्माकोल विरघळवतो, हे आम्हाला भोक पडल्यावर कळलं. शेवटी साधा पांढरा फेव्हिकॉल लावला, पोटात बांबूची कामटी बसवली आणि रात्रभर वर जुने दिवाळी अंक रचून ठेवले.

तयार विमान भरलं 880 ग्रॅम. पंखांचा विस्तार 120 सेंटीमीटर, रुंदी 20. आतला रिसीव्हर जेमतेम दहा ग्रॅमचा. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामझू गावी वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 साली 'गफ' नावाचं विमान रेडिओवर उडवलं, तेव्हा आत व्हॉल्व्हचा रेडिओ आणि त्याच्या बॅटऱ्या होत्या. ते ओझं उचलायला पंख लागले आठ फुटांचे! ते विमान आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. आमचं सध्या कपाटावर आहे.

वजनापेक्षाही ते कुठे आहे, याला महत्त्व. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीच्या किंचित मागे, म्हणजे आमच्या पंखाला साडेपाच सेंटीमीटरवर, दोन बोटांवर विमान तोललं गेलं पाहिजे. आमची शेपूट खाली बसली. कारण भाच्याने तिच्यावर हौसेने रंगाचे दोन हात दिले होते. रंग काही ग्रॅमच, पण लांब दांडीच्या टोकाला ठेवलेलं छोटं मापही तराजू झुकवतंच की. नाक कोरून बॅटरी पुढे ढकलली, तेव्हा तोल साधला.

उड्डाणाला विमानतळाच्या हद्दीपासून लांबचं माळरान निवडलं. वेळ सकाळी साडेसहाची, वारा उठायच्या आत. रिमोटवरच्या काठ्या हलवून सुकाणू आणि शेपटीच्या झडपा बरोबर दिशेला वळतात का, ते तीनदा पाहिलं. भाच्याने विमान सरळ समोर ढकललं आणि ते गेलं की हो! पंखा फिरतो त्याच्या उलट, डावीकडे झुकू लागलं. मी उजवीकडे सावरलं, थोडं वर घेतलं, वळवलं. इथवर मी स्वतःवर खूश होतो.

मग ते माझ्याकडे तोंड करून येऊ लागलं.

आपल्यापासून दूर जाणाऱ्या विमानाचा उजवा तो आपला उजवा. समोरून येणाऱ्याचा उजवा तो आपला डावा. समोर बसलेल्याची दाढी करणाऱ्या न्हाव्याला हे रोज कळतं, पण माझ्या अंगठ्याला कळत नाही. ते माझ्या उजव्या हाताला कललं. मी घाबरून काठी डावीकडे दाबली. ते आणखी कललं. मी आणखी दाबली. एकोणीस सेकंदांनी बाभळीत! पंखा तुटला, नाक चेपलं. बॅटरी मात्र लगेच पिशवीत टाकली नाही. मार बसलेली लिथियम बॅटरी थोड्या वेळाने पेट घेऊ शकते, म्हणून ती अर्धा तास उघड्या मातीवर ठेवून लांबून राखण केली.

यावरची युक्ती पुढे एका जुन्या हौशी माणसाने सांगितली. विमान तोंडावर येत असेल तर डावं-उजवं विसरायचं. जो पंख खाली दिसतो, त्याच बाजूला काठी सारायची, कललेल्या मांडवाला टेकू द्यावा तशी. एवढंच.

पुढच्या रविवारी विमान चार मिनिटं उडलं. माझ्याकडे तोंड करून तीनदा आलं, तीनदा मी टेकू दिला. उतरलं मात्र शेजारच्या हरभऱ्यात. मालक आला, विमानाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही; वाकून मोडलेल्या फांद्यांचे घाटे चाचपत म्हणाला, "आता पीक निघाल्यावर या. आणि येताना त्या पोरालाच उडवू द्या."