उसाचं बिल कसं तपासाल?

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्र श्रीमंत म्हटला की मुंबईचा शेअरबाजार आठवतो. पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या बाजारपेठेत पैसा खेळतो तो उसाची बिलं जमा झाल्यावर. म्हणून आज त्या बिलाविषयीच बोलू.

२०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी. त्यापुढे उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे वाढतात. म्हणजे ११.२५ टक्के उतारा असेल तर ३,८९६ रुपये. हातात मात्र एवढे येत नाहीत, कारण तोडणी-वाहतूक यातूनच वजा होते. ती टनाला ९०० धरली, तर उरले २,९९६. शेजारच्या कारखान्याचा दर विचारताना तोडणी-वाहतूक किती कापली, हेही विचाराच.

उतारा धरतात तो सबंध कारखान्याचा, तुमच्या एकट्याच्या फडाचा नव्हे. एकाचा ऊस तीन दिवस बांधावर वाळला, तर त्याचं वजन घटतंच, शिवाय साखर मोडून सगळ्यांचा उतारा खाली येतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाला, पडायला हवा. तोडणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. तोडणीच्या टोळीला जमिनीलगत कोयता चालवायला सांगा. सर्वांत गोड कांडी बुडख्याची, आणि नेमकी तीच रानात राहते. वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, मात्र मोळीत जाऊ देऊ नका, त्यात साखर जवळजवळ नसते.

काट्याच्या पावतीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं, अशी दोन्ही वजनं बघा. रिकाम्या गाडीचं वजन जुनंच लिहिलं असेल, तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

बिलं का थकतात? साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरला आणि २०२५ चं गाळप सुरू झालं तेव्हाही तोच होता. एफआरपी मात्र जवळजवळ दरवर्षी वाढली. कारखाना गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून उचल घेतो. ती अपुरी पडली की तुमचं बिल मागे पडतं. कारखान्याची ही अडचण खरी आहे, पण तिचा भार शेतकऱ्याने उचलावा असं कायदा म्हणत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत; उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज. पुण्याच्या साखर आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्यांनी वसुलीचा आदेश काढला की जिल्हाधिकारी ती थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करतात. तक्रारीला वजनाच्या सगळ्या पावत्या जोडा. चौदा दिवस त्यांवरच्या तारखेपासून मोजायचे असतात.