पांढरीतली बाहुली

(काचेमागची हस्तिदंती मूर्ती, अगदी जवळून)

वीतभरही नसेल ही. हस्तिदंताची आहे. अंगावर दागिने सोडले तर फारसं काही नाही. हिची सख्खी बहीण शोभावी अशी एक मूर्ती 1938 साली इटलीत, पाँपेई शहरावरच्या ज्वालामुखीच्या राखेखालून निघाली. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये. तिकडची बहीण नेपल्सच्या संग्रहालयात गेली. ही आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीकाठी, तेर गावच्या संग्रहालयातच राहिली.

(दारात रांगोळी, चपलांचा ढीग)

18 मे, जागतिक संग्रहालय दिन. 1977 पासून जगभर पाळतात. तेरमध्ये त्याचा थाट बेताचा. सुट्टीतली पोरं, चार खुर्च्या, आणि व्हरांड्यात पाण्यानं भरलेला एक टब. टबाकडे येऊच.

(टेकाड, ढासळलेली कड, खापरं)

गावकरी याला पांढर म्हणतात. वस्तीवर वस्ती बसत गेली, पडत गेली, त्याची ही माती. माळवदावर टाकायला हीच लागते, म्हणून पिढ्यान् पिढ्या लोक ती खणून नेत आले. आणि खणताना, किंवा पहिला दणका पाऊस पडून गेला की, मणी वर येत. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे येत. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यात घडवलेल्या बाहुल्या येत. रोमन नाण्याची नक्कल असलेली मातीची पदकंसुद्धा.

रोमन वस्तू इथं का, तर हेच जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला 10 दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. इथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई. तगर म्हणजे तेर, हे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी 1901 च्या सुमारास मांडलं. शास्त्रीय उत्खननं पुढे 1950 आणि 60 च्या दशकांत झाली.

(भिंतीवरचा फोटो. कॅमेरा थांबतो.)

रामलिंगप्पा लामतुरे. तेरचेच. या टेकाडांवरून त्यांनी जे वेचलं, जपलं, त्या हजारो वस्तूंवर हे सरकारी संग्रहालय उभं आहे, आणि त्याला नावही त्यांचंच आहे. उत्खननाचे अहवाल अभ्यासक वाचतात. पावसानंतर चिखलात वाकून मणी वेचणाऱ्या माणसाचा अहवाल कोण लिहिणार? आम्ही आपले या फोटोपुढे जरा जास्त वेळ थांबलो.

(परिचरांचे हात, खापर, ब्रश)

इथले जुने परिचर. गावात त्यांना सगळे मामा म्हणतात. आज पोरांना ते खापर कसं धुवायचं ते दाखवतायत. पाणी थोडं, ब्रश मऊ. घासायचं नाही, माती आपसूक सुटू द्यायची. वाळवायचं सावलीत. मग आतल्या अंगाला, नक्षी नसेल तिथं, वार्निशचा बारीक पट्टा. तो सुकला की वर टाकानं शाईचा नंबर, आणि नंबरावर पुन्हा वार्निश. नोंदवहीतही तोच नंबर. नंबर गेला की ते नुसतं खापर उरलं, असं मामा म्हणतात. वहीची जुनी पानं उलटताना ते मध्येच गप्प होतात. तिथं आम्हीही बोलत नाही.

(वहीची पानं. फक्त पंख्याचा आवाज.)

पांढर आता बरीचशी खचली आहे, तिच्यावर घरंही झाली आहेत.

(गोरोबाकाकांची समाधी, पताका)

चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला माणूस लोटतो. त्यातले थोडे इकडे वळतात. कुंभार संताच्या गावात भाजल्या मातीची बाहुली बघून म्हाताऱ्या बाया काचेलाच हात जोडतात. मामा त्यांना अडवत नाहीत. काच नंतर पुसून घेतात.

(टब. पोरांची डोकी.)

आता टब. मामांच्या हातात जुन्या विटेचा तुकडा आहे. इथल्या त्रिविक्रम मंदिराच्या विटा अशाच हलक्या. ते मंदिर मुळात विटांचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह होतं, मागच्या बाजूला गोलाई असलेलं. विटेच्या मातीत भुसा मिसळायचे. भट्टीत तो जळून जाई आणि वीट आतून सच्छिद्र होई. बुडणार म्हणून पोरांनी आधीच ओरडून घेतलंय.

(तुकडा पाण्यावर)

तरंगतोय.

एकानं बोटानं खाली दाबला, तो पुन्हा वर आला. मग प्रत्येकालाच दाबायचा होता. शेवटी मामांनी तुकडा काढून घेतला, फडक्यानं टिपला, पालथा करून नंबर शाबूत आहे का ते पाहिलं आणि सावलीत वाळत ठेवला.