दुसऱ्यांच्या बागेत आंबे काढताना

[दृश्य: स्टुअर्ट हायवे. उजाडतंय. समोरून रोड ट्रेन येते.]

डार्विन सोडलं की दक्षिणेला कॅथरीनपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर हा एकच रस्ता. दोन्ही अंगांना निलगिरीची विरळ झाडी, तांबडी माती, माणसाच्या डोक्यावरून जातील एवढी वारुळं आणि तीन-तीन ट्रेलर ओढत येणारे पन्नास मीटर लांबीचे ट्रक, म्हणजे रोड ट्रेन. हा ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा प्रांत, नॉर्दर्न टेरिटरी. देशातले जवळपास निम्मे आंबे इथे होतात. आपल्याकडे नवरात्र-दिवाळी चालू असते तेव्हा इथे आंब्याचा ऐन हंगाम असतो, आणि फळ उतरवायला माणसं बाहेरून येतात. तिमोर आणि वानुआतूहून, तैवान, कोरिया, फ्रान्स, इटलीहून. आता भारतातूनही.

२०२५ च्या हंगामात त्यांत मीही होते. देवगड तालुक्यातल्या आंबा बागायतदाराची मुलगी. निघताना आजीनं विचारलं होतं, "घरचे आंबे सोडून लोकांचे आंबे काढूक इतक्या लांब कित्याक जातंस?"

तिचा प्रश्न रास्त होता. ही फिल्म त्याचंच उत्तर शोधते.

[दृश्य: पासपोर्ट, व्हिसाचं ई-मेल, बॅग भरताना.]

कामही करायचं आणि फिरायचंही, असा एक वर्षाचा व्हिसा ऑस्ट्रेलियानं १९७५ साली ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांसाठी सुरू केला. पुढे देशांची यादी वाढत गेली. भारताचं दार उघडलं ते दोन देशांतल्या व्यापार करारामुळे. तो करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली सोडत जाहीर झाली. वर्षाला जागा १,०००. वय १८ ते ३०. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, इंग्रजीची परीक्षा, आणि बँकेत ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायचे. आधी २५ डॉलर भरून सोडतीत नाव घालायचं आणि म्हाडाच्या घरासारखी वाट बघायची. पहिल्या दोन आठवड्यांतच ४०,००० च्या आसपास लोकांनी नाव घातलं होतं. नंबर लागला की मग व्हिसाची खरी फी, ती साडेसहाशे डॉलरच्या आसपास. विमानाचं तिकीट वेगळं.

म्हणजे इथवर पोचणारा माणूस शिकलेला असतो, घरात थोडा पैसा असतो, आणि हाताला घट्टे पडतील असं काम त्यानं बहुधा कधी केलेलं नसतं. माझंही तेच. बाग आमची होती, पण झाडावर चढणारी माणसं दुसरी होती.

[दृश्य: डार्विनमधलं हॉस्टेल. बंक बेड, सामायिक स्वयंपाकघर.]

पहिले आठवडे कठीण गेले. आंब्याला मोहर यायला रात्री थंडी लागते. थंडी लांबली की हंगाम मागेपुढे होतो, हे मला घरूनच माहीत होतं. पण घरी हंगाम लांबला तर आपण ओटीवर बसून वाट बघतो. इथे वाट बघायचे पैसे पडतात. आठ जणांची खोली, आठवड्याचं भाडं अडीचशे डॉलरच्या घरात, आणि काम लागलेलं नसलं तरी ते भरायचंच.

एकटीनं राहण्यातल्या अडचणी मोठ्या नसतात, बारीक असतात आणि दिवसभर पुरतात. आंघोळीला जाताना लॅपटॉप कुणाकडे ठेवायचा. शेतावर जायला गाडी लागते, तिच्या खर्चात वाटेकरी कुठून आणायचा. एखाद्या कंत्राटदारानं "उद्या पहाटे पाचला पेट्रोल पंपावर ये" असा मेसेज केला, तर त्याच्या गाडीत बसायचं की नाही, हे कुणाला विचारायचं. मी एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला. शेताचा पत्ता आणि गाडीचा नंबर आईला पाठवल्याशिवाय कुठल्याही गाडीत पाय ठेवायचा नाही. आईला त्यातलं एकही गाव ठाऊक नव्हतं. पण तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळं लिहून ठेवलं.

एका कंत्राटदारानं मला तासाला अठरा डॉलर रोख देऊ केले. पावती नाही, कराची भानगड नाही. भारतातल्या हिशेबानं तासाला हजार रुपये! मोह पडावा असाच आकडा आहे. पण १ जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियातलं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे, आणि हंगामी माणसाला त्यावर आणखी पंचवीस टक्के द्यावे लागतात. म्हणजे तीस डॉलरच्या वर. डब्यामागे किंवा नगामागे पैसे ठरले असले तरी २८ एप्रिल २०२२ पासून शेतमालकाला तासांची नोंद ठेवावी लागते, आणि तासाच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलानं आणि मुलीनं हा आकडा विमानात बसण्याआधी पाठ करावा, असं मला कळकळीनं वाटतं. रोखीचं काम घेतलं की पावती नाही, आणि पावती नाही म्हणजे तुम्ही तिथे काम केलंत याचा पुरावाच नाही.

पुराव्याला किंमत आहे. पहिल्या वर्षात सरकारनं ठरवून दिलेल्या भागात ठरावीक प्रकारचं काम, उदाहरणार्थ शेतीचं, तीन महिने केलं तर दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. म्हणून मुलं रानातल्या शेतांवर जातात, आणि ते दिवस भरेपर्यंत कितीही त्रास झाला तरी गप्प बसतात. वाईट मालकाला नेमकं हेच हवं असतं.

आणि जागा. क्वीन्सलँडमधल्या चिल्डर्स या शेतकऱ्यांच्या गावात २३ जून २००० ला मध्यरात्रीनंतर एका हॉस्टेलला आग लागली. पंधरा तरुण गेले. बहुतेक सगळे फळं-भाज्या काढायला आलेले, कुणी ब्रिटनचे, कुणी नेदरलँड्सचे, जपानचे, कोरियाचे. धुराची सूचना देणारी यंत्रणा बंद होती. तेव्हापासून नियम कडक झाले, तरी नव्या खोलीत शिरल्यावर मी आधी छताकडे बघायचे आणि मग बाहेर पडायचं दार कुठे आहे ते.

[दृश्य: कॅथरीनजवळची बाग. सकाळचे सहा. झाडांच्या रांगा, यंत्राचा आवाज.]

शेवटी काम लागलं. बाग बघून मी थबकले. आमच्याकडे कातळावर, उतारावर, जागा मिळेल तिथे कलम उभं. इथे जमीन सपाट आणि झाडं दोरी धरून लावल्यासारखी, बुटकी, छाटलेली. फळ केन्सिंग्टन प्राइड नावाच्या जातीचं. हे ऑस्ट्रेलियाचं सगळ्यांत जुनं आणि लाडकं आंब्याचं वाण. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या लष्कराला घोडे विकायला जहाजं जात, त्यांतून परत येताना आंब्याची बाठ क्वीन्सलँडच्या बोवेन बंदरात उतरली आणि तिथून ही जात पसरली, असं सांगतात. फळ पिवळं, एका गालावर गुलाबी, आणि वासाला थोडं तिखट. हापूस नव्हे. पण आंबा आहे, आणि चांगला आहे.

[दृश्य: जवळून. हात, देठ, चीक.]

आता चीक बघा. देठ तुटला की पहिल्या क्षणी चीक पिचकारीसारखा उडतो. फळाच्या सालीवर पडला तर दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग, आणि माणसाच्या कातडीवर पडला तर फोड. म्हणून या उन्हात आम्ही हात, मान, चेहरा सगळं झाकून घेतो. आमच्याकडे घळ, म्हणजे टोकाला जाळी असलेली काठी, लावून फळ देठासकट उतरवतात. इथे झाडांच्या रांगेतून एक यंत्र हळूहळू सरकतं. त्याला ताडपत्रीचे दोन मोठे पंख, आणि त्यांवर साबणासारख्या द्रावणाची अखंड धार. आम्ही दोन्ही बाजूंना उभ्या राहून फळ तोडायचं, देठ त्या पाण्यावरच मोडायचा, की चीक सालीला चिकटायच्या आत धुऊन जातो. फळ घरंगळत पट्ट्यावर, तिथून मोठ्या खोक्यात. एका खोक्यात अर्धा टन आंबा मावतो. वरच्या फांद्यांना काठी. मान वर, हात वर, सहा-सहा तास.

देठ मोडताना तोंड कुठे फिरवायचं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. शेजारच्या फ्रेंच मुलीला नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजले. मी तिला शिकवलं, आणि पुढच्या आठवड्यात तीच दुसऱ्या नव्या मुलाला शिकवत होती.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे पावसाआधीचा काळ असतो. पारा चाळिशीला टेकतो, दुपारी ढग भरून येतात, गडगडतात आणि न पडताच निघून जातात. मालक चांगला असेल तर पहाटे कामाला लावतो आणि दुपारी सोडतो. आमचा चांगला होता. तरी एका दुपारी मला ऊन लागलं. खोलीत पडून होते, ताप, ओकाऱ्या. आपल्या लोकांना इथली सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही, विम्यावरच सगळं. रुग्णवाहिका बोलवावी का, पैसे किती पडतील, हा हिशेब मी तापात करत होते. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली वानुआतूची बाई आली. बोलली काहीच नाही. ओला टॉवेल कपाळावर ठेवला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि मी झोपेपर्यंत बसली.

[दृश्य: संध्याकाळ. अंगणात बायका गात आहेत.]

तिच्या गावात तिची तीन मुलं आहेत. ती आणि तिच्यासोबतच्या बायका पॅसिफिक बेटांसाठीच्या सरकारी योजनेतून इथे येतात. संध्याकाळी चर्चची गाणी म्हणतात, चार आवाजांत, इतकी सुरेख की स्वयंपाकघरात बोलणारे गप्प होतात. आम्ही दोघी एकाच यंत्राजवळ उभ्या राहायचो. पण माझं पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी बॅग उचलून मी दुसऱ्या शेतावर जाऊ शकत होते. माझा व्हिसा कुठल्याही एका मालकाला बांधलेला नव्हता. तिला मात्र त्याच मालकाकडे राहावं लागतं ज्यानं तिला आणलं. माझ्यासाठी हा वर्षभराचा अनुभव होता. तिच्यासाठी पोरांच्या शाळेची फी. हा फरक एकदा दिसला की मग सगळीकडे दिसत राहतो.

मला तो घरी दिसला. कोकणातल्या आंब्याच्या बागा आज नेपाळी माणसांवर चालतात. पाऊस संपला की ते येतात, फवारणी, राखण, वानरं हाकणं, उतरणी, सगळं करतात आणि जूनला जातात. आमच्याकडेही चौघे येतात. बागेतल्या मांगरात, म्हणजे बागेच्या कामासाठी बांधलेल्या घरात, राहतात.

कॅथरीनच्या घड्याळाला आपल्यापुढे बरोबर चार तास असतात. रात्री आठला फोन केला की देवगडात चहाची वेळ. एका रात्री मी बाबांना विचारलं, "बाबा, आपल्या मांगरात फॅन आसा काय?"

"खयच्या मांगरात?"

"गुरखे रवतत त्या."

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक आसा. चौघांक."

[दृश्य: पगाराची पावती, जवळून.]

ही माझी पहिली पगारपावती. तास, दर, कापलेला कर. आमच्या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून पंधरा टक्के कर जातो. खाली सुपरॅन्युएशन, म्हणजे मालकानं निवृत्तीसाठी वेगळे भरलेले पैसे. देश सोडल्यावर ते परत मागता येतात, पण त्यातले पासष्ट टक्के सरकार कापून घेतं. हे मला अन्यायाचं वाटतं. तरीही हा कागद पगार झाल्यावर एका कामाच्या दिवसात हातात द्यावा लागतो, असा कायदा आहे, आणि त्यावर माझे तास छापलेले होते. घरातून पैसे न घेता जगले, आणि किती राबले ते लेखी मिळालं. याचा आनंद मी लपवणार नाही.

[दृश्य: नितमिलुक. पाणी, उंच लाल कडे, होडी.]

सुट्टीच्या दिवशी नितमिलुक. कॅथरीन नदीनं वालुकाश्म कापून केलेल्या तेरा घळ्या. ही जावोयन लोकांची भूमी, १९८९ साली त्यांना कायद्यानं परत मिळाली. इथे कुठे पोहायचं आणि कुठे नाही, हे मगरींची पाहणी करणारे लोक ठरवतात आणि फलक लावतात. तो फलक बघूनच पाण्यात उतरायचं. मी पाठीवर पडून वरच्या कड्यांकडे बघत तरंगत राहायचे. कुठे गेलीस, कधी येणार, जेवलीस का, असं विचारणारं कुणी नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत याच गोष्टीनं रडायला यायचं. आता तीच हवीशी वाटत होती.

[दृश्य: देवगड, मार्च. कलमांची बाग.]

हंगाम संपल्यावर मी परत आले, ती थेट आमच्या उतरणीच्या दिवसांत. मांगराला आता प्रत्येक खोलीत पंखा आहे. पंखे बसले, पण वहीवर घरात वाद झाला. मी तासांची वही घातली. कोण किती वाजता बागेत गेलं, कधी परत आलं, सगळं लिहायचं आणि महिन्याच्या शेवटी त्यांच्यापुढे वाचायचं. चौघांत जो वडीलधारा आहे, त्याला आधी शंका आली की यातून पैसे कापणार. आठवडाभरानं तोच वही मागून घेऊन स्वतः लिहू लागला. हिंदीत, देवनागरीत, नेटक्या अक्षरात.

अडलंय ते रात्रीच्या राखणीवर. बाबांचं म्हणणं, रात्री माणूस मांगरात झोपलेलाच असतो, रानडुक्कर किंवा चोर आला तर उठतो, त्याचे तास कसे धरायचे? माझं म्हणणं, बॅटरी उशाशी घेऊन झोपणाऱ्याचे निम्मे तरी धरा. वहीत त्यासाठी एक रकाना आखून ठेवलाय. मे संपायच्या आत तो भरायचा, एवढं तरी बाबांनी कबूल केलंय.